रात्रभर ओट्यावर राहिलेले अन्न आणि फोडणीचा भरवसा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावर नुकतेच एका वाचकाच्या प्रश्नाला उत्तर देताना असे लिहिले होते की, रात्रीचे उरलेले अन्न सकाळपर्यंत बाहेर राहिले असले तरी त्याला वास येत नसेल आणि ते चांगले उकळून किंवा फोडणी देऊन घेतले, तर खाण्यास हरकत नाही. या उत्तरात अन्न पारखण्याच्या दोन कसोट्या सांगितल्या आहेत, एक वासाची आणि दुसरी उकळीची. दोन्ही अपुऱ्या आहेत आणि मे महिन्यातल्या नागपुरात त्या दोहोंवर विसंबणे धोक्याचे आहे. मी बरीच वर्षे महाविद्यालयात गृहविज्ञान शिकवले. तिथे दरवर्षी हाच प्रश्न विद्यार्थिनी विचारत आणि त्यांच्या घरची मंडळी त्याचे उत्तर आधीच देऊन बसलेली असत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. जागेअभावी पत्राला कात्री लावावी लागलीच, तर भाताचा भाग तेवढा राहू द्यावा.

कारण आपल्याकडे रात्रीचे जे हमखास उरते तो भातच, आणि या विषयात सर्वांत जास्त गैरसमजही भाताविषयीच आहे. बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू मातीत असतो, तिथून तो धानाबरोबर तांदळात येतो. तो बीजाणूंच्या, म्हणजे टणक कवचातल्या सुप्त अवस्थेच्या, रूपात असतो आणि हे बीजाणू इतके चिवट असतात की, साध्या पातेल्यात भात शिजताना शंभर अंशांच्या उकळत्या पाण्यातूनही त्यांतले काही जिवंत राहतात. तांदूळ कितीही पाण्यांनी धुतला तरी ते पूर्णपणे जात नाहीत. गरम भातात ते निपचित असतात, पण भात साठ अंशांच्या खाली उतरून कोमट होऊ लागला की ते रुजतात आणि वाढू लागतात. तीस ते चाळीस अंश ही त्यांच्या आवडीची पातळी आहे. वाढता वाढता यांच्यातील काही वाण भातातच एक विष सोडतात, त्याला सेरुलाइड म्हणतात. हे विष १२१ अंशांवर दीड तास तापवले तरी निष्प्रभ होत नाही, हे प्रयोगांतून दिसलेले आहे. घरातल्या कढईत मोहरी-जिऱ्याच्या फोडणीवर भात पाच-सात मिनिटे परतून आपण त्याचे काही बिघडवू शकू, ही अपेक्षाच चुकीची आहे. परतल्याने जिवाणू मरतात, विष मात्र आहे तसेच ताटात येते. असा भात खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत मळमळ आणि उलट्या सुरू होतात. याच जिवाणूचा दुसरा प्रकार पोटात गेल्यावर आतड्यात विष तयार करतो आणि सहा ते पंधरा तासांनी पोटदुखी व जुलाब होतात.

फोडणीच्या भाताला नेमके समांतर असे उदाहरण इंग्लंडमध्ये घडलेले आहे. १९७१ पासून पुढे काही वर्षे तिथल्या चिनी पदार्थांच्या उपाहारगृहांत जेवलेल्या लोकांना उलट्या होण्याचे प्रकार वारंवार नोंदले गेले. शोध घेतल्यावर असे दिसले की, दुसऱ्या दिवशीच्या परतलेल्या भातासाठी लागणारा भात आदल्या रात्रीच मोठ्या प्रमाणावर उकडून ठेवला जात असे. थंड पेटीत ठेवला तर त्याचे गोळे होतात आणि परतताना दाणा मोकळा राहत नाही, म्हणून तो स्वयंपाकघरातच बाहेर पसरून ठेवत आणि मागणी आली की काही क्षण तेलावर परतून देत. आपल्याकडेही दाणा मोकळा राहावा म्हणून रात्रीचा भात मुद्दाम बाहेर ठेवणाऱ्या सुगरणी मी पाहिल्या आहेत. लंडनच्या थंड हवेत जे घडले ते नागपुरातल्या आमच्या प्रतापनगरात किंवा महाल भागात घडायला त्याहून कमी वेळ लागेल, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही.

याच जिवाणूवरून मोबाइलवर अधूनमधून एक भयकथा फिरत असते. बेल्जियममधील एका वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने शिळा शेवयांसारखा पदार्थ खाल्ला आणि सकाळपर्यंत तो मरण पावला, अशी ती कथा. घटना खरी आहे. ती २००८ मधली असून २०११ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात तिची नोंद प्रसिद्ध झाली. मात्र तो स्पॅगेटी नावाचा पदार्थ एका रात्रीचा शिळा नव्हता, तो पाच दिवस स्वयंपाकघरात बाहेर पडून होता आणि विषाने यकृत निकामी झाल्याने तो मृत्यू ओढवला, हा तपशील पुढे पाठवणारे गाळून टाकतात. असे मृत्यू फार विरळ आहेत. धडधाकट माणसाला बहुधा दिवसभर उलट्या-जुलाबांचा त्रास होऊन बरे वाटते. भीती घालणे आणि बिनधास्त राहायला सांगणे, या दोन्ही गोष्टी मला सारख्याच त्रासदायक वाटतात. तरी तान्ही आणि लहान मुले, वयोवृद्ध, गरोदर स्त्रिया, मधुमेही, कर्करोगाचे उपचार घेणारे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण यांच्या बाबतीत ‘एक दिवसाचा त्रास’ हा हिशेब लागू पडत नाही, आणि आपल्या पानावरचे उत्तर वाचणाऱ्या घरांत अशी माणसे असतातच.

आता वासाविषयी. अन्नाला आंबूस वास येणे, बुरा धरणे, तार सुटणे ही कामे करणारे सूक्ष्मजीव वेगळे असतात आणि माणसाला आजारी पाडणारे बहुतेक वेळा वेगळे असतात. पहिल्या गटाचे जीव निदान सूचना तरी देतात. दुसऱ्या गटातील कित्येक जीव अन्नाच्या वासात, रंगात आणि चवीत काहीही फरक न पाडता वाढतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा त्यांतला अगदी घरचा म्हणावा असा जिवाणू आहे. निरोगी माणसांपैकी साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांच्या नाकात तो बिनबोभाट राहत असतो, शिवाय हातावरची जखम, गळू, नखाजवळचा चिघळलेला भाग यांतही तो असतो. शिजलेल्या अन्नाला हात लागला की तो तिथे पोहोचतो. उकडलेले बटाटे सोलून केलेली भाजी, हाताने मळलेला खवा, पनीर, खीर, बासुंदी, श्रीखंडासाठी टांगलेला चक्का, उकडलेली अंडी, लग्नाच्या पंगतीत हातांनी वाढलेले पदार्थ, ही त्याची ठरलेली ठिकाणे. त्याचे विषही उकळीला दाद देत नाही. म्हणून ‘वास घेऊन पाहा’ हा सल्ला एकाच बाजूने खरा आहे. वास आला तर अन्न टाकावे हे बरोबर, पण वास आला नाही म्हणून ते चांगले आहे असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही.

उकळीच्या बाबतीत मात्र न्याय करायला हवा, कारण ती सर्वस्वी निरुपयोगी नाही. आपल्या सावजी रश्श्याचेच उदाहरण घेते. मटणाचा रस्सा दुसऱ्या दिवशी मुरून अधिक चांगला लागतो, ही गोष्ट नागपुरात कुणी नाकारणार नाही आणि मीही नाकारत नाही. पण ‘एवढे तिखट, एवढा मसाला आणि वर बोटभर तर्री असताना त्याला काय होणार’ हे जे म्हटले जाते, ते पटण्यासारखे नाही. रश्श्यात पडणाऱ्या प्रमाणात मसाले जिवाणूंना रोखू शकत नाहीत, उलट धने, मिरे, खसखस यांच्याबरोबर बीजाणू आतच येतात. तर्रीचा थर तर दोन्ही बाजूंनी घातक ठरतो. तो आतली उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे मोठ्या गंजातला, म्हणजे खोल पातेल्यातला, रस्सा तासन्‌ तास कोमट राहतो. आणि वरची हवा आत जाऊ देत नाही. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाच्या जिवाणूला नेमकी हीच स्थिती लागते, कारण तो हवेवाचून वाढणारा आहे. चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या कोमट रश्श्यात तो दहा-बारा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. मोठ्या प्रमाणावर शिजवलेले मांस, डाळी, घट्ट रस्से आणि सामुदायिक जेवण यांत त्याची विषबाधा जगभर आढळते. सहा ते चोवीस तासांनी पोटात कळा येतात व जुलाब होतात. परंतु हा जिवाणू विष सोडतो तो बहुतांशी आपल्या आतड्यात, म्हणून खाण्यापूर्वी रस्सा तळापासून ढवळून खदखदा उकळला तर वाढलेले जिवाणू मरतात आणि धोका बराच घटतो. म्हणजे उकळी काही शत्रूंना मारते आणि काहींना मारत नाही. कोणता शत्रू पातेल्यात शिरला आहे हे घरात बसून कळण्याचा मार्ग नाही, त्यामुळे रात्रभर बाहेर राहिलेल्या अन्नाला उकळीचे प्रमाणपत्र देता येत नाही. मायक्रोवेव्हबद्दल तर बोलायलाच नको, त्यात वाटीच्या कडा भाजतात आणि मधला भाग कोमट राहतो.

मग खरी कसोटी कोणती? किती वेळ आणि किती तापमानात, एवढीच. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये सुरक्षित अन्नाची जी पाच सूत्रे प्रसृत केली, त्यांत शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांहून अधिक ठेवू नये, थंड ठेवायचे ते पाच अंशांच्या खाली आणि गरम ठेवायचे ते साठ अंशांच्या वर ठेवावे, असे स्पष्ट म्हटले आहे. अमेरिकी शासनाचा सल्ला याहून पुढे जातो. बाहेरचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल, तर दोन तासांची मुदत एका तासावर आणावी, असे ते सांगतात. आता नवतपातील, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतील, नागपूर डोळ्यांसमोर आणावे. दिवसा पारा ४५ अंशांच्या आसपास खेळत असतो आणि पहाटेचे किमान तापमानसुद्धा २८-३० अंशांच्या घरात असते. गच्ची दिवसभर तापलेली असते, कूलर बैठकीत आणि झोपण्याच्या खोलीत चाललेला असतो, स्वयंपाकघराची खिडकी पालीच्या भीतीने बंद असते. रात्री दहाला झाकून ठेवलेला भात सकाळी आठपर्यंत ज्या हवेत राहतो, ती हवा म्हणजे प्रयोगशाळेत जिवाणू वाढवण्यासाठी मुद्दाम राखतात तसल्या पेटीच्या जवळपास पोहोचलेली असते. दर अर्ध्या तासाला दुप्पट, असा मध्यम वेग धरला तरी आठ तासांत एका जिवाणूचे पासष्ट हजारांवर होतात. सुरुवातीचा काही वेळ त्यांना रुळायला लागतो हे वजा केले, तरी दहा तासांची रात्र त्यांना पुरेशी आहे.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. शिजलेले अन्न ५७ अंशांवरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत आणि तिथून ५ अंशांपर्यंत पुढील चार तासांत उतरले पाहिजे, असा अमेरिकेतील उपाहारगृहांसाठीचा नियम आहे. ‘आधी बाहेर पूर्ण थंड होऊ द्यावे, मग फ्रिजमध्ये ठेवावे’ असे जे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते, ते या नियमाला लावून पाहिले तर उन्हाळ्यातल्या नागपुरात अन्न २१ अंशांपर्यंत उतरणेच अशक्य आहे, कारण स्वयंपाकघराची हवाच तिथपर्यंत उतरत नाही. ज्या गारव्याची वाट पाहत गृहिणी झोपी जाते, तो जूनच्या सरींपर्यंत येणारच नसतो. डिसेंबर-जानेवारीत, पारा आठ-दहा अंशांवर येतो तेव्हा, हेच अन्न पुष्कळ सावकाश बिघडते हे खरे. पण हिवाळ्यात निभावले म्हणून तीच सवय वर्षभर चालवली जाते, आणि अपघात चैत्र-वैशाखात व पुढे दमट भाद्रपदात होतात.

‘आमच्या आजीच्या काळी फ्रिज कुठे होते?’ हा प्रश्न येणार हे ठाऊक आहे, आणि तो टाळण्यासारखा नाही. आजीच्या काळीही सगळे शिळे अन्न एका मापाने मोजले जात नसे, हे आपण विसरतो. शिळी भाकरी, कडक झालेली पोळी, दशम्या, तेलात परतलेली कोरडी चटणी, लोणचे, चिवडा, गुळाची वडी हे पदार्थ टिकत, कारण त्यांच्यात जिवाणूंना वापरता येईल असे पाणी फार कमी असते, किंवा मीठ, साखर, आंबटपणा एवढा असतो की त्यांची वाढ खुंटते. शेतावर न्यायच्या न्याहारीत ज्वारीची शिळी भाकर, कांदा आणि ठेचा असे, वरणभात नसे. शीतला सप्तमीला चूल पेटवत नाहीत आणि आदल्या दिवशीचे खातात, तेव्हाही पुऱ्या, दशम्या असे कोरडे किंवा दह्याचे आंबट पदार्थ करण्याकडेच कल दिसतो. आंबिलीचे पीठ रात्रभर भिजते ते दह्या-ताकात. ओडिशाकडचा पखाल म्हणजे पाण्यात भिजवून आंबवलेला भात. या ठिकाणी आम्ल तयार करणारे जिवाणू आधी ताबा घेतात आणि इतरांना फारसे वाढू देत नाहीत. झाकण ठेवून विसरलेल्या पातेल्यातल्या कोरड्या भाताला हे संरक्षण नसते. त्याचप्रमाणे शिळ्या भातात न पचणारा पिष्टमय भाग वाढतो व तो आतड्यांना हितकर असतो, अशी माहिती सध्या फिरते. तीत तथ्य आहे, मात्र त्यासाठी भात थंड व्हावा लागतो आणि ते काम फ्रिजमध्येच अधिक नीट होते. सकाळपर्यंत ओट्यावर ठेवण्याची परवानगी त्यातून निघत नाही. आणि आजीच्या काळी हगवणीने किती मुले दगावत, हेही त्या आठवणींत मोजले पाहिजे.

‘आम्ही नेहमी खातो, आम्हाला कधी काही झाले नाही’ असे म्हणणाऱ्यांवर माझा अविश्वास नाही. प्रत्येक भातात विष सोडणारे वाण असतातच असे नाही, असले तरी दर वेळी पुरेसे वाढतात असेही नाही. पण ‘काही झाले नाही’ हे आपण कशावरून ठरवतो? नागपुरात मे महिन्यात कुणाला उलटी झाली की घरातला पहिला निदानकर्ता ‘ऊन लागले’ म्हणतो, कैरीचे पन्हे पाजतो आणि खिशात कांदा ठेवायला सांगतो. इतर ऋतूंत तीच उलटी ‘पित्त’ होते, जुलाब ‘पाणी बदलल्याने’ होतात. विषबाधेची लक्षणे अर्ध्या तासापासून पूर्ण दिवसापर्यंत कधीही दिसू शकत असल्याने दोष बहुतेक वेळा शेवटच्या खाण्याला, आणि ते बाहेरचे असेल तर रस्त्यावरच्या तर्री-पोह्यांच्या गाडीला दिला जातो. सकाळचा फोडणीचा भात निर्दोष सुटतो. घरात एक-दोघांनाच त्रास झाला तर त्याची कुठे नोंदही होत नाही. सरकारच्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात अन्नविषबाधेचे जे उद्रेक नोंदले जातात, ते पंगतीत किंवा वसतिगृहात एकाच वेळी पुष्कळजण आजारी पडतात तेव्हाचे.

पंगतीवरून सणावारांचा विषय निघतो आणि तो नाजूक आहे. आपल्याकडे महालक्ष्म्यांच्या दिवशी सोळा भाज्या, कढी, पुरण, कटाची आमटी, आंबील, पंचामृत असा मोठा स्वयंपाक होतो. नैवेद्य होऊन, पंगती उठून, मागचे आवरेपर्यंत रात्र होते, आणि सकाळपासून शिजलेले अन्न तोपर्यंत पातेल्यांत असते. नैवेद्याचे टाकू नये या भावनेने तेच दुसऱ्या दिवशी पुरवले जाते. ही भावना मी मोडीत काढत नाही. पण भाद्रपदातल्या दमट हवेत पुरणासारखा डाळ-गुळाचा ओला पदार्थ आणि नारळ घातलेल्या भाज्या किती लवकर उतरतात, हे जुन्या बायकांना माहीत होते, म्हणून त्या पुरण परातीत पसरून ठेवत. पंगतीपूर्वीच दुसऱ्या दिवसापुरते अन्न वेगळे काढून फ्रिजमध्ये ठेवले, तर प्रसादाचाही मान राहतो आणि पोटाचाही. मंगल कार्यालयातून रात्री अकराला डब्यांत भरून घरोघरी जाणाऱ्या मटर-पनीर आणि जीरा राइसबद्दल मात्र माझे मत इतके सौम्य नाही. ते अन्न संध्याकाळपासून कोमट काहिलीत असते, असंख्य हातांतून जाते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शेजाऱ्यांना वाटले जाते.

याहूनही एक प्रथा मला खटकते. जे अन्न सकाळी आपल्या मुलांच्या डब्यात घालायला मन धजत नाही, तेच कामाला येणाऱ्या बाईंना ‘घेऊन जा, चांगले आहे’ म्हणून दिले जाते. त्यांच्या घरी ते आणखी चार-पाच तासांनी खाल्ले जाते आणि आजारी पडल्यावर त्यांचा रोज बुडतो, दवाखान्याचा खर्च वेगळा. द्यायचेच असेल तर ते जेवण झाल्याबरोबर, ताजे असताना द्यावे किंवा रात्रीच फ्रिजमध्ये ठेवून सकाळी द्यावे. गाईपुढे भात-पोळ्यांचा ढीग टाकण्यातही पुण्य नाही. अशा पिष्टमय अन्नाने गुरांच्या पोटात आम्ल वाढून ती दगावतातही.

उपाय अवघड नाहीत, फक्त ते रात्री, झोप आलेली असताना करावे लागतात हीच अडचण. उरलेले अन्न मोठ्या गंजात तसेच न ठेवता उथळ डब्यांत किंवा परातीत काढावे, थर दोन-तीन बोटांहून जाड ठेवू नये. गंज उचलून फ्रिजमध्ये कोंबला तर मधला भाग निवायला पहाट उजाडते. रस्सा-वरणाचे भांडे आधी थंड पाण्याच्या टबात ठेवून ढवळावे. गरम अन्न ठेवल्याने फ्रिज बिघडतो ही समजूत जुन्या यंत्रांच्या काळातली आहे. वाफाळते पातेले ठेवू नये हे ठीक, पण वाफ निमाली की ठेवावे, गार होण्याची वाट पाहू नये. कुकर उघडलाच नाही, म्हणून वरण सकाळपर्यंत चांगले राहिले असेल, हाही भ्रम आहे. कुकर निवताना बाहेरची हवा आत ओढली जाते, तो काही हवाबंद डबा नव्हे. फ्रिजच्या खटक्यावरचे आकडे म्हणजे अंश नव्हेत, तेव्हा एक छोटा तापमापक आत ठेवून पारा पाच अंशांखाली राहतो का, ते पाहावे. अवकाळी वादळात वीज गेली तर फ्रिजचे दार उघडू नये, बंद दारामागे गारवा साधारण चार तास टिकतो. नीट ठेवलेले अन्नही दोन-तीन दिवसांतच संपवावे आणि लागेल तेवढेच काढून, एकदाच, वाफ येईपर्यंत तापवावे. ज्यांच्याकडे फ्रिज नाही, त्यांना माठाशेजारी किंवा ओल्या फडक्यात डबा ठेवण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. त्याने बिघाड लांबतो, थांबत नाही. अशा घरांनी रात्री भात मोजून लावणे आणि उरलीच तर पोळी-भाकरी उरेल असे पाहणे अधिक शहाणपणाचे.

आणि एवढे करूनही उलट्या-जुलाब सुरू झालेच तर पहिली गरज पाण्याची. औषधाच्या दुकानातील क्षारसंजीवनीची (ओआरएस) पुडी पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात, किंवा एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजत राहावे. शौचातून रक्त पडणे, जास्त ताप, घोटभर पाणीही न ठरणे, लघवी थांबणे, मूल सुस्तावणे, यांतले काहीही दिसले तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे. मनाने प्रतिजैविके घेऊ नयेत, जिवाणूंनी आधीच सोडलेल्या विषावर ती चालत नाहीत.

आपल्या पानाचा वाचकवर्ग मोठा आहे आणि त्यावर छापलेला सल्ला कात्रण करून फ्रिजच्या दारावर लावला जातो, हे मी स्वतः पाहिले आहे. म्हणून विनंती अशी की, लग्नसराई संपण्याआधीच्या एखाद्या अंकात त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत दुरुस्ती द्यावी. उन्हाळ्यात रात्रभर बाहेर राहिलेला भात, वरण, रस्सा, उसळ, दुधाचे व पनीरचे पदार्थ वास न येताही टाकून द्यावेत आणि उकळल्याने किंवा फोडणी दिल्याने ते खाण्याजोगे होत नाहीत, एवढा मजकूर तीत असला तरी पुरे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त गृहविज्ञान प्राध्यापिका,
प्रतापनगर, नागपूर